डबक्याला कुंपण कशाला?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. लेक सॅन डिएगोला असते. तिच्या बाळंतपणासाठी यंदा उन्हाळाभर तिकडेच होते. संध्याकाळी बाबागाडी घेऊन फिरायला जायचे, त्या वाटेवर एका उघड्या माळावर तारेचं कुंपण होतं. आत काय, तर आटलेलं डबकं! भेगाळलेली माती आणि कडेला करडं गवत. पाटीवर लिहिलं होतं, इथे ‘मेसा मिंट’ ही संकटग्रस्त वनस्पती आहे, आत पाऊल टाकू नका. लेकीला विचारलं, मिंट म्हणजे पुदिनाच ना? ती म्हणाली, हो. आमच्याकडे पुदिना मोरीच्या पाण्यावर इतका माजतो की उपटून टाकावा लागतो. त्याला कुंपण? आणि तेही डबक्यात? माझ्या वाचण्यात काही चूक झाली का?
– एक आजी, कराड

उत्तर : पाटी तुम्ही बरोबर वाचलीत. लेकीचं उत्तर मात्र अर्धंच आहे. तुमच्या मोरीपाशी माजणारा पुदिना आणि कुंपणातली ती वनस्पती एकाच कुळातल्या, बऱ्याच जवळच्या भावकीतल्या. पण एकाच भावकीत एकाचा चौसोपी वाडा आणि दुसऱ्याच्या नावावर वीतभर जमीन, हे आपण पाहतोच की. पुदिन्याची खोडं मातीखालून धावतात. तुकडा पडला तरी रुजतो, बियांवाचून त्याचं काही अडत नाही. मेसा मिंट मात्र एका वर्षाची पाहुणी. दरवर्षी बीपासून सुरुवात करायची, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. आणि हे सगळं करायला तिला तेच डबकं लागतं.

मेसा हा स्पॅनिश शब्द, मूळ अर्थ टेबल. सपाट माथ्याचं पठार. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. सॅन डिएगोच्या या पठारांवर मातीच्या खाली चिकणमातीचा घट्ट थर असतो. तिथला पाऊस हिवाळ्यातला, आणि वर्षाकाठी जेमतेम अडीचशे मिलिमीटर. एवढासा पाऊस पडला तरी खोलगट जागी पाणी साचतं, कारण त्याला मुरायला वाट नाही आणि वाहायला उतार नाही. काही आठवडे पाणी टिकतं, वसंतात आटू लागतं. पाणी मागे सरकतं तशी मेसा मिंट वर येते आणि साधारण एप्रिल ते जून फुलते. वीतभर उंचीची, फुलं जांभळट, वास उग्र. तुम्ही पोचलात तोवर तिचा संसार आटोपलेला होता. तुम्ही जे करडं गवत म्हणताय, त्यात तिचीही वाळलेली काटकी असणार, आणि तुमच्या त्या भेगाळलेल्या मातीत पुढच्या वर्षीचं बी.

तिचं शास्त्रीय नाव पोगोगायनी अब्राम्सी. १९३१ मध्ये तिला हे नाव मिळालं. सॅन डिएगो परगण्याबाहेर ती जगात कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही, आणि परगण्यातही फक्त या डबक्यांत. आता पठार सपाट, समुद्र जवळ, हवा उत्तम. माणसाला घर बांधायला याहून बरी जागा कोणती? रस्ते झाले, वसाहती झाल्या, विमानतळ झाले, आणि बहुतेक डबकी बुजली. अमेरिकेने संकटग्रस्त जिवांसाठी कायदा केला १९७३ मध्ये. त्या यादीत वनस्पतींची पहिली नावं आली १९७७ मध्ये, आणि मेसा मिंटचं नाव पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये. म्हणजे तुमच्या कुंपणातली ही बाई त्या यादीतल्या अगदी जुन्या मानकऱ्यांपैकी.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या कायद्यात प्राण्यांना आणि वनस्पतींना सारखं संरक्षण नाही. यादीतल्या प्राण्याला खासगी जमिनीवरही मारता येत नाही. वनस्पतीचं तसं नाही. केंद्र सरकारची जमीन असेल तर संरक्षण पक्कं, खासगी जमिनीवर ते बरंच लुळं पडतं. पण त्याच डबक्यांत बोटाच्या पेराहून लहान अशी एक कोळंबी राहते, ‘फेअरी श्रिंप’ म्हणतात तिला. डबकं आटलं की ती मरते, तिची अंडी मात्र कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. ही कोळंबी १९९७ मध्ये यादीत आली. कोळंबी पडली प्राणी. तिच्यासाठी डबकं राखायचं म्हटलं की काठावरचा पुदिनाही आपोआप राखला जातो. स्वतःचं वकीलपत्र घ्यायला कोणी नाही, पण शेजारीण वकील निघाली, असा प्रकार.

दुसरी गंमत अशी की उरलेल्या डबक्यांतली मोठी संख्या मिरामार नावाच्या लष्करी विमानतळाच्या हद्दीत आहे. लष्कराने काही फुलांच्या प्रेमाने जमीन राखली नव्हती. पण तिथे बिल्डरला शिरता आलं नाही.

सॅन डिएगोला मी कधी गेलेले नाही. ही माझी पुस्तकातली ओळख. पण तुमचं पत्र वाचताना डोळ्यांसमोर आलं ते कास पठार. तिथेही कातळावरच्या डबक्यात, पाणी जेमतेम घोट्यापर्यंत असताना, याच कुळातली एक वर्षायू वनस्पती जांभळ्या तुऱ्यांनी फुलते. जांभळी मंजिरी. पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस. भरात असते तेव्हा लांबून वाटतं, कोणी जांभळी शाल वाळत घातली आहे. फक्त आपल्या पश्चिम घाटातली. नावातलं ‘पोगोन’ म्हणजे ग्रीक भाषेत दाढी. आपल्या मंजिरीच्या पुंकेसरांना केसांची दाढी असते म्हणून पोगोस्टेमॉन, आणि तुमच्या मेसा मिंटच्या फुलात स्त्रीकेसराच्या दांडीवर केस असतात म्हणून पोगोगायनी, म्हणजे शब्दशः दाढीवाली बाई. तसं पाहिलं तर नातं लांबचंच. तुमची ती पुदिन्याच्या फांदीवरची, आपली ही ‘पाच’ नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या फांदीवरची. पण दोघींनी पठारावरचं डबकं निवडलं, आणि दोघींनी पाण्याचा हिशेब तसाच मांडला. इतकंच की त्यांचं पाणी हिवाळ्याचं, आपलं पावसाळ्याचं.

प्रश्न : मागच्या रविवारी कासला गेलो होतो. जांभळी मंजिरी पाहून वेड लागलं. तिचं बी कुठे मिळेल? गच्चीत मोठा टब आहे, कमळं लावलेली आहेत, त्यातच लावता येईल. दुर्मीळ वनस्पती घराघरांत लावल्या तर त्या आपोआपच वाचतील ना?
– एक बागप्रेमी, पुणे

उत्तर : बी कुठे मिळेल हे मी सांगणार नाही, आणि तुम्हीही पठारावरून आणू नका. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. हेच पाप मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, परतताना एका डबक्याच्या काठचं ढेकूळ मी डालडाच्या डब्यात घालून आणलं. कॉलेजच्या मागे सिमेंटचं एक टाकं होतं, त्यात तळाला वाळू, वर ते ढेकूळ, वर नळाचं पाणी. मुलांना सांगितलं, पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजात सडा फुलणार. पुढच्या पावसात खरोखर चार-पाच रोपं आली. पण कशी? लांबुळकी, फिकट, आधाराशिवाय उभी राहीनात. तुरे आले ते नावापुरते. त्याच्या पुढच्या वर्षी टाक्यात शेवाळाची हिरवी गोधडी, आणि तिसऱ्या वर्षी काहीच नाही. शिपाईकाकांनी टाकं धुतलं आणि त्यात कोथिंबिरीच्या जुड्या बुडवून ठेवायला लागले. मला काही बोलायला तोंड नव्हतं.

काय चुकलं ते कळायला बरीच वर्षं लागली. माझ्या टाक्यात पाणी आटत नव्हतं, कारण कमी झालं की मीच ओतत होते. लाड! सड्यावरचं डबकं पावसाच्या उघडीपीत उथळ होतं, पुन्हा भरतं, आणि पाऊस सरला की कोरडं ठाक पडतं. उन्हाळ्यात तो कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. हे सगळं सोसू न शकणारं गवत, पाणवनस्पती, झाडंझुडपं तिथे टिकत नाहीत, म्हणून तर मंजिरीला जागा मिळते. तिला सुख दिलं की तिच्याहून दांडगे सोबती येऊन बसतात आणि ती जाते. शिवाय सड्यावरची माती म्हणजे कातळाच्या खळग्यात साचलेला चमचाभर गाळ, सत्त्व जवळजवळ नाहीच. कमळाच्या टबात तुम्ही शेणखत घातलेलं असणार. म्हणजे उपाशी राहायची सवय असलेल्याला थेट पंगतीला बसवणं.

आणि आणखी एक. परागीभवन करणाऱ्या माश्या गच्चीवर कुठून आणणार? सॅन डिएगोच्या मेसा मिंटवर येणाऱ्या माश्यांत जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एकांड्या माश्या आहेत. नुसतं डबकं राखून भोवतालची जमीन काँक्रीटने झाकली, तर त्यांची घरं जातात. म्हणजे कुंपण पाण्याच्या कडेला घालून भागत नाही, ते बरंच बाहेर घालावं लागतं.

बियाणं साठवणं, रोपवाटिकेत वाढवणं याला मी नावं ठेवत नाही. तो विमा आहे. पण विम्याचा हप्ता भरला म्हणून कोणी घराला काडी लावत नाही. सॅन डिएगोत जिथे डबकं जाणारच असं ठरतं, तिथली वरची माती खरवडून, त्यात दडलेल्या बियांसकट आणि कोळंबीच्या अंड्यांसकट, दुसरीकडे नव्याने कोरलेल्या खळग्यांत पसरतात. वाचायला छान वाटतं. करताना मात्र खळग्याची खोली मोजूनमापून ठेवावी लागते. उथळ झाला तर भोवतालचं परदेशी गवत आत घुसतं, खोल झाला तर पाणी जास्त टिकतं. पुढे वर्षानुवर्षं हाताने तण काढायचं आणि मोजदाद करत राहायची. एवढं करून जे मिळतं ते मूळ डबक्याच्या तोडीचं होईलच असं नाही. माझ्या टाक्याची मला म्हणूनच लाज वाटते, आणि तुम्हाला वाटायला लागू नये अशी इच्छा आहे.

गच्चीसाठी ‘पाच’ ही सुगंधी वनस्पती लावा. मंजिरीची ती चुलत बहीण, काडी लावली की रुजते, आणि पानं चुरगळली की सगळी गच्ची दरवळते. (मंजिरीचं पान मी अजून एकदाही चुरगळून पाहिलेलं नाही. हात पुढे होतो आणि मागे येतो.)

प्रश्न : साग तुळशीच्या कुळात आहे असं मुलीच्या क्लासमध्ये सांगितलं. मी खात्याच्या नोकरीत तीस वर्षं साग मोजला. यावर विश्वास ठेवू?
– निवृत्त वनपाल

उत्तर : ठेवा. आपण दोघं शिकलो तेव्हा साग, शिवण, निरगुडी हे सगळे निरगुडीच्या कुळात होते. पुढे फुलांची रचना बारकाईने तपासली गेली, मग जनुकांचा पुरावा आला, आणि ही मंडळी तुळस-पुदिन्याच्या कुळात हलवली गेली. या कुळात आज सुमारे सात हजार जाती धरतात. कोवळ्या सागाची फांदी बोटांत फिरवून पाहा, तुळशीच्या काडीसारखीच चौकोनी लागेल. पानंही समोरासमोर. तीस वर्षं तुम्ही साग मोजलात तो बुंध्यापाशी, म्हणून हे हाताला लागलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावाच्या वर सडा आहे. गावाच्या कागदोपत्री तो पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी. तिथल्या मोठ्या डबक्यात जांभळी मंजिरी येते, मी स्वतः ओळखली आहे. आता त्याच जागी शेततळं खोदायचं आणि बाकीच्या सड्यावर खड्डे मारून झाडं लावायची असं चाललंय. एप्रिल-मेमध्ये गावाला टँकर लागतो हेही खरं. मी विरोध केला तर चुलते म्हणतात, “तुला फुलं महत्त्वाची का माणसं?” काय उत्तर देऊ?
– गावाचं नाव मुद्दाम छापलेलं नाही

उत्तर : तुझ्या चुलत्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याला चिडून उत्तर देऊ नकोस. टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभं राहणाऱ्या बाईला फुलांचं कौतुक सांगायला जाणं मलाही जमणार नाही. म्हणून आधी पाण्याचंच बोलू.

सड्यावर पाणी साठतं ते वरच्या कठीण कवचामुळे. त्याच्याखालचा जांभा सच्छिद्र असतो. कवच फोडून खोल खोदलं की पाणी खाली झिरपून जातं, आणि मग तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो. हे चुलत्यांना विचार: कागदाचे पैसे अंदाजपत्रकात धरलेत का? तो फाटला की कोण बदलणार? उघड्या सड्यावर, त्या वाऱ्यात, मार्च-एप्रिलच्या उन्हात किती पाणी वाफ होऊन जाईल? आणि वरून खाली गावात आणायची नळाची सोय? दुसरं असं की सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणीच पुष्कळदा कड्याखाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. तुमच्या गावाला जुना झरा किंवा टाकं आहे का? त्यातला गाळ शेवटचा कधी काढला होता? गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचार. तळ्याच्या खर्चात झऱ्याचं काम होतंय का, हे तपासायला सांगणं म्हणजे विरोध नाही.

तरीही तळं हवंच असेल तर ते सड्याखाली, मातीच्या जमिनीत घ्यायला सांग. मंजिरीच्या डबक्यात तळं खोदलं तर ती बुडून मरेल. लोकांना हे पटत नाही. पाण्यातली वनस्पती, पाणी वाढवलं तर कशी मरेल? पण आपल्या बंगल्यात बारमाही पाणी भरलं तर आपण राहू का? तिचं बी उगवतं, फुलतं, पडतं, ते सगळं पाण्याच्या चढउताराला बांधलेलं आहे.

झाडांचं म्हणशील तर त्याला माझा सरळ विरोध आहे, आणि तसा तू माझ्या नावाने सांग. वृक्षारोपण म्हटलं की सगळे माना डोलावतात. पण सड्यावर झाड नाही ते कोणी तोडलं म्हणून नव्हे, तिथे झाडाला मुळं घालायला माती नाही म्हणून. कोकणात सुरुंग लावून खड्डे करतात, ट्रकने माती आणून भरतात, मग कलम लावतात. कलम जगतं, सडा जातो. कुठे चिऱ्यांच्या खाणी, कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते. सात-बारावर पोटखराब लिहिलं की आपल्याला ती जमीन मोकळी वाटते. अरे, कास पठार तरी दुसरं काय आहे? तेही कातळच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात ते आहे. त्याचं कागदावरचं वर्णन कोणी वाचलं असतं तर तिथेही खड्डे मारले असते.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगते. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत ती समिती कागदावर असते आणि वही कपाटात. ती वही मागून घे. तुमच्या सड्याचं पान त्यात आहे का बघ. नसेल तर तुझ्या निरीक्षणांनी ते भरून ग्रामसभेपुढे ठेव. फार महत्त्वाची जागा असेल तर याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळाची सोय आहे. पण तिथून सुरुवात करू नकोस. लोकांना वाटतं, आता जमीन सरकार घेणार, आणि मग आपलेच लोक आपल्या विरोधात जातात.

गुरं बंद करा असंही म्हणू नकोस. एखादी जागा राखायची म्हटली की आपल्याला आधी कुंपण सुचतं, मग चराई बंद सुचते. कुंपण सॅन डिएगोत लागतं, कारण तिथे डबक्यावर जीपगाड्या चढवतात आणि चारी बाजूंनी वस्ती आहे. तुमच्या सड्यावर मात्र गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरतात, आणि गवत वाढू न देण्याचं काम तीच करतात. चराई एकदम थांबली की उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलवनस्पती त्याखाली दबतात. जाळायचं थांबवा, डबक्यातून ट्रॅक्टर घालू नका, माती टाकू नका, एवढं मान्य झालं तरी पुष्कळ.

आणि डबक्यात वाकून बघ. पाण्यात पारदर्शक, उताणं पोहणारं काही दिसलं तर ती फेअरी श्रिंपच्याच नात्यातली कोळंबी असू शकते. आपल्या सड्यांवरच्या डबक्यांतही ती सापडते, एका जातीचं तर नावच सह्याद्रीवरून ठेवलेलं आहे. हातात धरू नकोस, बरणीत भरू नकोस. तारीख, पाण्याची खोली, मंजिरीचे तुरे किती, एवढं वहीत लिही. बांबूच्या काठीवर इंचांच्या खुणा केल्यास की खोली मोजता येते. चुलत्यांनाही बरोबर ने. वाद घालण्यापेक्षा काठी त्यांच्या हातात दे.

फोटो मला जरूर पाठव, मी नक्की करून कळवीन. पाठवण्याआधी मोबाइलमधलं ठिकाण नोंदवणारं बटण बंद कर, आणि फुलं ऐन भरात असताना समाजमाध्यमांवर काही टाकू नकोस. तुझ्या पत्रातलं गावाचं नाव आणि तालुका मी याच कारणाने काढून टाकला आहे. वरच्या पुण्याच्या बागप्रेमींना गच्चीत टब आहे, आणि गाडीही आहे.